वहिनीची टाकी, माझा लूप

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. एरवी मी बोलायला मागे नाही. खाणीच्या वर्कशॉपातल्या गोष्टी मी न विचारता सांगतो. मला येताना पाहून नातवंडं बंद मोबाईल कानाला लावतात, हे मला माहीत आहे. पण चक्कीची गोष्ट निघाली की मला अचानक बाजारातलं काम आठवतं. बायको तर पाहुण्यांना सांगते, "यायले भाजी आणाले धाडायचं असन तं चक्कीचं नाव काढा. पिशवी घेऊनच उठतात."

ज्यांना हे आधी सांगायला हवं होतं त्या वहिनी आता नाहीत. वॉर्डात मात्र त्यांच्याविषयी एक खोटी गोष्ट खरी म्हणून चालू आहे. ती चालू मी केली, म्हणून बंदही मीच करायला पाहिजे.

वहिनी म्हणजे सख्ख्या नव्हेत. वर्कशॉपात माझ्या शेजारच्या बाकावर माझा मित्र बसायचा, त्याची बायको. बालाघाटात आमची घरं एकाच गल्लीत. मित्राने नोकरीत असतानाच घराच्या पुढच्या खोलीत पिठाची चक्की बसवली होती. तो गेल्यावर ती वहिनींनी चालवली, आणि त्याच्यापेक्षा चांगली चालवली. मित्र माझा होता म्हणून हे मी बोलू शकतो. तो दळण गरम करायचा. वहिनींच्या हातचं पीठ डब्यात पडतानाही जेमतेम कोमट असायचं.

त्याचं कारण होतं टाकी. चक्कीचे दगड दळून दळून गुळगुळीत होतात. मग ते खोलून, छिन्नी-हातोडीने त्यांच्यावर बारीक रेघा मारून पुन्हा खरबरीत करायचे असतात. याला टाकी लावणं म्हणतात. गावातले बाकीचे चक्कीवाले यासाठी माणूस बोलावत. वहिनी स्वतः लावत. चक्की बंद ठेवून, पदर खोचून, नवऱ्याचा जुना चष्मा नाकावर चढवून त्या दगडापुढे बसल्या की गल्लीत एक लयीतला टकटक आवाज सुरू व्हायचा. त्या वेळी कोणी दळण घेऊन आलं तर वहिनी मान वर न करता म्हणत, "उद्या येजा. आज दगडाची दाढी करून राह्यली."

आणि एक वाक्य ठरलेलं. नवीन गिऱ्हाईक आलं की त्या चिमूटभर पीठ त्याच्या हातावर ठेवत. "तोंडात टाका जी. दाताले पत्ता नाही लागत."

या एका वाक्यावर त्या जगल्या, असं म्हटलं तरी चालेल. माझ्या मित्राच्या नावाने चालणारी चक्की या वाक्याने त्यांच्या नावाची झाली होती.

मग त्या मोरीत घसरल्या आणि उजव्या खांद्याला मार बसला. टाकी लावताना हात खाली असतो, ते जमत होतं. पण धान्य वरच्या पेटीतून दगडात सोडायची जी झडप असते, तिची दांडी हाताने वर धरून ठेवावी लागे. मोटरचा आवाज जड झाला की दांडी थोडी खाली, हलका झाला की थोडी वर. दिवसभर हात वर. खांदा कुरकुरायला लागला.

मी निवृत्त होऊन घरी बसलो होतो. निवृत्त माणसाला दुसऱ्याच्या घरातला मोडका पंप, पंखा, मिक्सर लांबून दिसतो. मी म्हटलं, "वहिनी, तुमची झडप मी करंटवर चालवून देतो. तुम्ही फक्त एक बटण फिरवा."

त्या हसल्या. "भाऊजी, तुम्ही आमच्या घरची घंटी लावली होती. ते अजून कोणी आलं की नाही वाजत, गेलं की वाजते."

ही थट्टा खरी होती, म्हणून मी ती ऐकली नाही असं दाखवलं.

झडपेसाठी मी सोलेनॉइड लावलं. तारेचं वेटोळं आणि त्यात ओढला जाणारा लोखंडी दांडा. वेटोळ्यातून करंट गेला की दांडा आत ओढला जातो, स्प्रिंग त्याला बाहेर ओढते. करंट जितका, तितकी झडप उघडी. पहिल्या दिवशी सकाळी सगळं छान. दुपारपर्यंत वेटोळं तापलं, तापल्यावर त्याचा रेझिस्टन्स वाढला, करंट कमी झाला आणि झडप हळूहळू मिटायला लागली. त्यात आमच्याकडचं व्होल्टेज. समोरच्या वेल्डिंगवाल्याने काम सुरू केलं की आमच्या गल्लीतल्या ट्यूबलाइटी डोळे मिचकावतात. झडपही मिचकावू लागली.

वहिनी म्हणाल्या, "हे तं तुमच्यासारखंच झालं जी. जेवण झालं का डोळे मिटते."

म्हणजे करंट कायम एकसारखा ठेवणारा ड्रायव्हर, एका डब्यात बसवलेलं सर्किट, करायला हवा होता. वेटोळं तापो, व्होल्टेज पडो, ठरवलेला करंट हलता कामा नये. त्यासाठी करंट मोजायचा, पाहिजे तेवढा आहे का बघायचं, कमी असेल तर वाढवायचा, जास्त असेल तर उतरवायचा. हे चक्र सतत चालू. यालाच लूप म्हणतात. आणि लूपला घाई करू न देणं, पण झोपूही न देणं, हे त्याचं कॉम्पेन्सेशन. माझ्या सगळ्या गोष्टीची मेख इथे आहे, म्हणून स्वयंपाकघरातून सांगतो. वरणात मीठ कमी वाटलं, टाकलं. ते विरघळायच्या आतच पुन्हा चाखलं, कमीच लागलं, आणखी टाकलं. मग वरण खारट, म्हणून पाणी. मग अळणी, म्हणून मीठ. हात घाईचा आणि चव उशिराची असली की वरण कधीच ठिकाणावर येत नाही. माझी बायको एकदा मीठ टाकते आणि दुसऱ्या कामाला लागते. तिचं कॉम्पेन्सेशन जन्मजात आहे. मला त्यासाठी कंडेन्सर आणि रेझिस्टन्स लागतात.

मी सावध माणूस. मोठा कंडेन्सर लावला. लूप इतका शांत झाला की बटण फिरवल्यावर झडप विचार करून, आळस देऊन उघडायची. चक्कीपुढे डबे घेऊन बसलेल्या बायांना करमणूक झाली.

"वहिनी, तुमच्या भाऊजीची मशीन उठून राह्यली का अजून?"

"उठते ना. आधी तोंड धुते, चहा पेते, मंग उठते," वहिनी म्हणाल्या. "मालकावर गेली."

सगळ्या हसल्या. मीही हसलो. हसलो, घरी आलो आणि कंडेन्सर बदलला. लहान लावला, सोबतचा रेझिस्टन्स वाढवला. वर्कशॉपात तरुण पोरांना मी शिकवत असे की लूप लोकांना दाखवायला जलद करू नका. तो मीच. चार बायांच्या हसण्यावर मी लूप बदलला.

बदलल्यावर तपासायला पाहिजे, तर आमच्याकडची एक रीत आडवी आली. नवीन किंवा दुरुस्त यंत्राचं पहिलं दळण ते यंत्र बसवणाऱ्याच्या घरचं असतं. म्हणजे बिघाड झाला तर ज्याचा बिघाड त्याच्याच ताटात. रीत शहाणी आहे. पण मला साखर आहे. डॉक्टरांनी भात बंद केल्यापासून आमच्या घरी गहू येत होता. ज्या भागात पाहुण्याला चहाच्या आधी भाताचं विचारतात, तिथे मी झडप गव्हावर तपासली.

आता गव्हाला झडप पूर्ण उघडी लागते. दांडा वेटोळ्यात अगदी आतपर्यंत जातो. लोखंड पूर्ण आत असलं की वेटोळं जड होतं. त्यातला करंट सहजासहजी हलत नाही, घाईच्या लूपलाही ते दाबून धरतं. तांदळाच्या बारीक पिठाला झडप अर्धीच उघडायची असते. दांडा अर्धा बाहेर. वेटोळं हलकं. तोच लूप, तीच घाई, पण समोर आता आवरणारं कोणी नाही. त्यात करंट मोजायच्या वाटेवर मी विजेतली खरखर गाळायला म्हणून एक मोठी गाळणी, म्हणजे फिल्टर, बसवली होती, त्यामुळे मोजमाप उशिरा पोचत होतं. हात घाईचा, चव उशिराची. हे सगळं कागदावर मांडलं असतं तर मला दिसलं असतं. मी मांडलं नाही. गव्हाचं पीठ उत्तम निघालं, झडप बटणाबरोबर टुणकन उघडली आणि वहिनी म्हणाल्या, "आता कसं! जवान झाली." माझी छाती फुगली. छाती फुगली की माणूस अर्ध्या उघड्या झडपेचा विचार करत नाही.

दिवाळीच्या आधी चकल्यांचं दळण सुरू झालं. सगळं तांदळाचं. एका दुपारी मी चक्कीवर बसलो होतो, माझ्या यंत्राचं कौतुक ऐकायला. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एक मावशी डबा परत घेऊन आल्या. मोठ्याने बोलल्या नाहीत. त्यांनी चिमूटभर पीठ वहिनींच्या हातावर ठेवलं.

"वहिनी, जरा तोंडात टाका."

वहिनींनी टाकलं. त्यांचा जबडा थांबला. मीही चिमूट घेतली. दाताखाली कचकच लागली. दगडाची कचकच.

"काहून होऊन राह्यलं हे?" वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या, अर्ध्या थट्टेत. "भाऊजी, तुमच्या डब्ब्यानं तं काही नाही केलं ना?"

माझ्या डब्यावर करंट दाखवणारा काटा होता. मी बटण फिरवून झडप अर्धी केली आणि काटा दाखवला. काटा जागचा हलत नव्हता.

"हे पाहा. करंट एकदम स्थिर. झडपेचा काही दोष नाही," मी म्हटलं. आणि इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण चार बाया ऐकत होत्या आणि मी वर्कशॉपातला माणूस. मी म्हटलं, "टाकी बरोबर लागली नसन. खांद्यानं हात भारी पडत असन तुमचा. वयाचंही आहे."

वहिनींनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. दोन्ही बाजूंनी पाहिलं, जणू तो कोणी तिथे ठेवून गेलं होतं.

"हौ," त्या म्हणाल्या. "असन."

त्यांनी वाद घातला असता, घंटीची आठवण काढली असती, तर कदाचित मी घरी जाऊन तपासलं असतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. नवऱ्याच्या बाकाशेजारी बसलेला माणूस खोटं कशाला सांगेल?

त्यांनी दगड खोलले, पुन्हा टाकी लावली. टकटक नेहमीपेक्षा हळू ऐकू आली. पीठ तसंच. आणखी एकदा लावली. मग बायाही बोलू लागल्या, प्रेमानेच. "राहू द्या वहिनी, हात थकला आता." "किती वर्षं केलं, कोणी करते का एवढं?" अशा प्रेमाला उत्तर देता येत नाही. शेवटी वहिनींनी राजेगावकडून टाकी लावणारा माणूस बोलावला. तो आला त्या दिवशी त्या आतल्या खोलीत बसून राहिल्या. मी विचारलं, "पाहत नाही का, कसा लावते तो?" त्या म्हणाल्या, "त्याले लाज वाटन जी. बाई पाहून राह्यली म्हणून." लाज त्याला वाटणार नव्हती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

त्याच दिवशी मी डबा साफ करायला म्हणून घरी नेला होता. चक्की बंदच होती. माझ्याकडे वर्कशॉपातून मोडीत घेतलेला एक जुना ऑसिलोस्कोप आहे, करंटची चाल पडद्यावर रेघेने दाखवणारा. सहज म्हणून जोडला. दुसरं एक वेटोळं लावलं, दांडा अर्धा बाहेर ठेवला. पडद्यावर जी रेघ सरळ यायला हवी होती ती थरथरत होती. दांड्यावर बोट ठेवलं तर बोटाला गुदगुल्या. काटा मात्र शांत. काटा जड असतो, तो इतक्या लवकर हलू शकत नाही, तो फक्त सरासरी दाखवतो. हे मी तरुण पोरांना शिकवत असे, तेही आठवलं.

झडप थरथरत होती. धान्य एका धारेत पडण्याऐवजी झटक्याझटक्याने पडत होतं. दोन झटक्यांच्या मध्ये दगड रिकामा, आणि रिकामा दगड दगडावर घासतो. कचकच त्याची होती. वहिनींची टाकी पहिल्या दिवसापासून चांगली होती.

मी काय केलं ते सांगतो. मी मोठा कंडेन्सर परत लावला, गाळणी लहान केली, दांडा आत, बाहेर, अर्धा, सगळीकडे ठेवून रेघ सरळ आहे का ते पाहिलं. हे काम मी फार नीट केलं. लूप कॉम्पेन्सेशन म्हणून पाहिलं तर ते माझं सर्वांत चांगलं काम आहे, आणि ते मी कोणाला दाखवू शकलो नाही. डबा परत बसवला. वहिनींनी विचारलं, "काय निघालं जी?"

"धूळ," मी म्हटलं.

राजेगावच्या माणसाने दगड बसवले, चक्की सुरू झाली. झडप आळस देत उघडली. वहिनी म्हणाल्या, "पुन्हा म्हातारी झाली का मशीन?" पण आवाजात नेहमीचा खट्याळपणा नव्हता. पीठ आलं. मावशींनी चिमूट तोंडात टाकली आणि मान डोलावली. दाताले पत्ता नाही. राजेगावच्या माणसाने मिशीवरून हात फिरवला. सगळ्यांसमोर सिद्ध झालं की दोष वहिनींच्या हाताचा होता.

त्यानंतर वहिनींनी टाकी हातात घेतली नाही. चिमूट हातावर ठेवून ते वाक्य म्हणणंही बंद केलं. चक्की चालली, लोक येत राहिले, थट्टाही परत आली, कारण वहिनींना थट्टेशिवाय श्वास घेता येत नसे. पण पीठ कसं आहे असं कोणी विचारलं तर त्या म्हणत, "राजेगाववाल्याले विचारा. हात त्याचा आहे."

मी सांगायला गेलो नाही असं नाही. पुष्कळदा गेलो. तोंडावर आणलेलं वाक्य घेऊन गल्ली ओलांडली आणि परत येताना हातात वांगी, नाहीतर मुरमुऱ्याचा लाडू, नाहीतर बायकोसाठी निरोप. एकदा तर सुरुवातही केली. "वहिनी, त्या दिवाळीच्या पिठाचं..."

"हौ ना जी," त्या मधेच म्हणाल्या. "तुम्ही होते म्हणून बरं. बाकीचे तोंडावर कोण सांगते? तुम्ही वेळेवर नसतं सांगितलं तं मी साऱ्या वॉर्डाले दगड चारला असता." आणि त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला. बिनसाखरेचा, वेगळा काढलेला. तो चहा मी पिऊन टाकला. आभार मानणाऱ्या माणसाला मधेच कसं थांबवायचं, हे मला कधी जमलं नाही. एवढं मात्र खरं, की मी फार प्रयत्नही केला नाही.

बायकोला मात्र मी पुढे सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं, हातातली जुडी निवडून संपवली. मग म्हणाली, "मले कशाले सांगता? मी काय टाकी लावतो का?"

वहिनी मागच्या हिवाळ्यात वारल्या. बुद्धविहारात पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम झाला. एकेक जण उठून दोन शब्द बोलत होतं. त्या मावशी बोलल्या. वहिनींच्या हसण्याविषयी, संकटात धावून येण्याविषयी बोलल्या आणि शेवटी डोळे पुसत म्हणाल्या, "शेवटी शेवटी हात बिघडला होता बिचारीचा. पण माणूस सोन्याचं." सगळ्यांनी मान हलवली. त्यांच्यानंतर माझं नाव पुकारलं.

मी उठलो. माईक हातात घेतला. मी घंटीविषयी बोललो, ती कोणी गेल्यावर वाजते हे सांगितलं. लोक हसले, रडले. मी बसलो. बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने पायाशी ठेवलेली भाजीची पिशवी उचलली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

म्हणून आता लिहितो. मावशींनी वाचावं, राजेगाववाल्याने वाचावं, गल्लीतल्या ज्यांनी ते पीठ चाखलं त्यांनी वाचावं. आणि त्या दिवशी चहा खाली ठेवून जे बोलायला पाहिजे होतं, ते हे:

वहिनी, तुमचा हात नव्हता बिघडला. दगड चांगला होता, टाकी चांगली होती. झडप माह्या डब्ब्यानं थरथरत होती. तुम्ही हसल्या म्हणून मी घाई केली, आणि गव्हावर तपासून तुमच्या तांदळावर लावली. मले समजलं तवा राजेगाववाला अजून दगडाशी बसला होता, अन् तुम्ही आतल्या खोलीत होत्या. मी दारातून आवाज दिला असता तं तुम्ही बाहेर आल्या असत्या. मी नाही दिला. माफ करा जी.